बाबांनी निवडलेल्या मोटारी

बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांना काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती बाबांच्या चिकटपणाची. मागच्या खोलीत बाबांचं अर्धवट राहिलेलं यंत्र उभं होतं. घरी बनवलेला सीएनसी राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र: खाली टेबल, वर आडवी तुळई, तुळईवर गरगर फिरणारं पातं, आणि हे सगळं संगणकाच्या हुकमानं सरकवणाऱ्या मोटारी. मोटारी अजून खोक्यातच होत्या. काकांनी त्यातली एक तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली.

"ही बघा, एवढीशी! याहून मोठी मोटार मिक्सरला असते. दादाचं आयुष्यभर असंच. हात कायम आखडता."

लोक हसले. अशा वेळी माणसांना हसायला काहीतरी निमित्त हवंच असतं, त्यांचा दोष नाही. आई पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती, तीही कसनुसं हसली. मला ती मोटार काकांच्या हातातून काढून घ्यावीशी वाटली.

बाबा टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर होते. "आधी वजन, मग तिकीट" हा त्यांचा बाणा, घरातसुद्धा. मोटारी घेण्याआधी त्यांनी तुळईला हुकाचा वजनकाटा अडकवला होता. मी घरी गेले की काटा ओढायचं काम माझं, आणि वाचायचं त्यांचं. "हळू. झटका नको. आत काच आहे असं समज." नुसती तुळई सरकवायला किती जोर लागतो, पातं लाकडात शिरल्यावर किती वाढतो, हे आधी पाहायचं. मग त्याच्या दुप्पट ताकदीची मोटार घ्यायची. दुप्पट, चौपट नाही.

"चौपट घेतली तर बिघडलं कुठे?" मी विचारलं होतं.

"मोठी मोटार जागच्या जागी पहिलवान असते. पळायला लावली की धापा टाकते. तिला पळवायचं तर वीज जास्त दाबाची लागते, म्हणजे पॉवर सप्लायही मोठा हवा. आणि ही जात एकेक पाऊल मोजून टाकणारी. पाऊल चुकलं तर सांगत नाही. आपण पोचलोच असं समजून पुढे कापत सुटते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्या घरातही आहे एक असा. पण धाकटा आहे, त्याला काय बोलायचं!"

त्या धाकट्याचा फर्निचरचा कारखाना आहे. माणसं गेल्यावर काका आईला म्हणाले, "वहिनी, यंत्र मी पुरं करतो. दादाची आठवण. चांगल्या दणकट मोटारी टाकतो. नाहीच चाललं तर मोडून कारखान्यात नेतो, सुटे भाग तरी कामाला येतील."

"तुम्हाला कळतं त्यातलं, भाऊजी," आई म्हणाली.

मी वजनकाट्याचं सांगायला गेले. काका माझ्या डोक्यावर थोपटत म्हणाले, "पोरी, तू आपली पुस्तकं वाच. लाकूड पानासारखं उलटत नाही, कापावं लागतं."

मी पुढच्या वेळी घरी गेले तोवर विटेएवढ्या मोटारी बसल्या होत्या. त्या बसाव्यात म्हणून काकांनी मोटारी अडकवायच्या लोखंडी पट्ट्यांमधली भोकं कापून मोठी केली होती. तीच भोकं बाबांनी कानशीने घासत, दर थोड्या वेळाने मोटार लावून बघत, नेमकी केली होती. आता तिथे ओबडधोबड खिंडारं होती. पॉवर सप्लाय मात्र जुनाच ठेवला होता. तो बदलायचा असतो हे काकांच्या गावीही नव्हतं.

काकांनी यंत्र सुरू केलं. हळू चालवलं तेव्हा ठीक चाललं, आणि त्यांनी आईकडे बघून मिशीला हात लावला. मग वेग वाढवून फळीवर एक गोल कोरायला घेतला. मोटार किंचाळली, अडली, परत निघाली. पडद्यावरचे आकडे आपल्या तालात पुढे पळतच होते. फळीवर उमटलं ते बटाट्यासारखं काहीतरी.

"वाटलंच मला," काका म्हणाले. "दादाने तुळई सरकवणारे स्क्रूच वाकडे बसवलेत. सांगाडाच चुकलाय, त्याला मी तरी काय करू!"

आई पदराने टेबलावरचा भुसा गोळा करू लागली. "मग न्या तुम्ही, भाऊजी."

आमच्या घरात आवाज चढवायची पद्धत नाही. मी खालच्याच आवाजात म्हणाले, "माणूस उत्तर द्यायला नाही म्हणून त्याच्या माथी काहीही मारायचं का, काका? त्यांच्या मोटारी एकदा तरी लावून बघितल्यात?"

"त्या आता बसणार कशा? भोकं मोठी झालीत."

"झाली नाहीत. तुम्ही केलीत. नव्या पट्ट्या तुम्हीच करून आणा, त्यांच्या मापाच्या. तोवर इथला एक नटसुद्धा कुठे जाणार नाही."

"वहिनी, ऐकताय ना हिचं?"

"ऐकतेय," आई म्हणाली. "आणा करून."

काकांनी पट्ट्या आणल्या. कारखान्यातली कामं खोळंबल्याचं तीनतीनदा सांगितलं, पण पट्ट्या चोख केल्या होत्या, हे मान्य करायला हवं. आम्ही बाबांच्या मोटारी लावल्या. पॉवर सप्लाय तोच, स्क्रू तेच. काकांनी वेग वाढवला. तुळई सुळकन गेली, वळली, परत आली. फळीवर गोल उमटला, आणि तो गोलच होता.

"बघितलंत, वहिनी? जाणत्याचा हात फिरला की झालं!"

"काका," मी म्हणाले, "दादाचं बरोबर होतं, एवढं म्हणा."

"अगं, मग मी दुसरं काय म्हणतोय?"

"हे नाही म्हणालात."

त्यांनी आईकडे बघितलं. एरवी अशा वेळी ती चहाचं विचारते. या वेळी तिने विचारलं नाही. काका मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," आई म्हणाली.

"दादाचं बरोबर होतं!" ते जवळजवळ ओरडले. शेवटच्या शब्दाला आवाज फाटला आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. पाठमोरे काका अगदी बाबांसारखे दिसतात. "पण त्याने मला एकदाही बोलावलं नाही," ते खिडकीलाच सांगत होते. "जन्म लाकडात गेला माझा. एकदा तरी विचारायचं, की बाबा रे, कुठली मोटार घेऊ?"

मला त्यांची दया आली. ती येईल हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी गप्प बसायचं नाही असं ठरवलं होतं.

"विचारलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतंत का?"

त्यांनी आपल्या मोठ्या मोटारी एकेक करून पिशवीत भरल्या. पिशवी जड होती, एका हाताने उचलेना. मी दुसरा बंद धरला, आणि आम्ही दोघांनी ती त्यांच्या गाडीपर्यंत नेली.

परत आले तेव्हा आईने फळी उलटी करून पुन्हा टेबलावर बांधली होती. "या बाजूला जागा आहे अजून," ती म्हणाली. "चालू कर."