अहिरावणाचा मिटलेला डोळा

“हा तं आपला प्रेमदास हाय!” म्हणत हरिदास चालू सिनेमात उभा राहिला.

“बसा ना बाबा! मांगचे लोक बोंबलून राह्यले,” रुचिकानं बापाला सदरा ओढून खाली बसवलं.

पडद्यावर आभाळातल्या जहाजातून हजारभर अहिरावण उतरत होते. लोखंडी, तीन मजली उंच, छातीत निळे दिवे. तोंड मात्र हरिदासनं केलेलं. आंजी गावात रात्रभर रंगणाऱ्या दंडारीच्या नाचनाट्यात प्रेमदास तीस वर्षं अहिरावण नाचला, तो हेच सोंग तोंडावर चढवून. कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ, बस. प्रेमदासचा डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. सोंगाला त्या बाजूनं भोक ठेवलं की आतलं पांढरं बुबुळ दिसायचं आणि लोक हसायचे. म्हणून हरिदासनं तिथं मिटलेली पापणी रंगवली. मित्राची लाज झाकली, एवढंच. आता हजार यंत्रं तीच पापणी मिटून वानरसेनेवर चालून निघाली होती.

“एक डोळा बंद ठेवून बॅटरी वाचवून राह्यले ते,” मागचा एक शहाणा बायकोला समजावत होता.

दोन वर्षांपूर्वी नीलेश ते सोंग घेऊन गेला होता. वर्ध्याचाच पोरगा, मुंबईत सिनेमाच्या सजावटीचं काम करणारा. “काका, फोटो काढतो न् आठ दिवसांत आणून देतो,” म्हणाला. हरिदासनं त्याला चहा पाजला, वर सोंग जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं. इतका भोळेपणा या वयात शोभत नाही. नीलेशचे आठ दिवस काही संपले नाहीत, आणि यंदा पोळ्यानंतर प्रेमदासच संपला.

दंडारीतला गडी गेला की तेरवीच्या आत त्याचं सोंग नदीत सोडायचं. सोंग घडवणाऱ्यानं काठावर बसायचं आणि ते पार विरघळलं की मगच उठायचं. त्याशिवाय गेलेला माणूस त्या सोंगातून सुटत नाही, असं आंजीत सगळे मानत. तेरवी उलटून महिना झाला होता. प्रेमदासची बायको मीराबाई रोज हरिदासच्या दारात येऊन बसायची. हरिदासला त्याचा त्रास व्हायचा.

नीलेश फोन उचलत नव्हता. तो आज टॉकीजमध्ये सत्काराला येणार हे रुचिकानं मोबाइलवर वाचलं, म्हणून बापलेक वर्ध्याला आले होते. सिनेमा सुटल्यावर तो हार घातलेला सापडला.

“माहं सोंग दे बाप्पा. प्रेमदास गेला.”

“अरे काका! ते तं मशीनवर मापून झाल्यावर कचऱ्यात गेलं असंन. इतकं जुनं कोन ठेवते?” नीलेशनं टेबलावरचा अहिरावणाचा प्लॅस्टिकचा मुखवटा उचलून त्याच्या हातात दिला. तिकिटावर फुकट वाटत होते. “हे घ्या. एकदम मजबूत हाय, पान्यानं काई होत नाई. अन् पाहा ना, जगभर पोचवला तुमचा अहिरावण!”

“जगभर काऊन? मले त्याले नदीवर पोचवाचं होतं.”

नीलेश तोवर फोटोसाठी वळला होता. रुचिकाच्या तोंडात शिवी आली, ती बापाकडे पाहून तिनं गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हरिदास मीराबाईला घेऊन धाम नदीवर गेला. दुसरं होतंच काय त्याच्याजवळ? हळदकुंकू लावून त्यानं ते प्लॅस्टिक पाण्यात सोडलं. हळद धुऊन गेली. सोंग थोडं पुढं गेलं आणि लव्हाळ्यात अडकून डुलत राहिलं, डावा डोळा मिटून.

दुपार टळली. मीराबाई उठली, तिनं लुगडं झटकलं.

“भाऊजी, चला आता. ऊन कललं.”

“तुमी जा वयनी,” हरिदास पाण्यावरची नजर न काढता म्हणाला. “मले उठता येत नाई. अजून इरघळलं नाई ते.”