साच्यातला हंस

मी एक जुना कर्कटक आहे, मित्रांनो, आणि अजून माझे दोन्ही पाय लटपटताहेत. तुमच्या कंपासपेटीतला लोखंडी नव्हे हं! मी बांबूचा. माझ्या एका पायात सुई, दुसऱ्यात कुंचला. जपानमधल्या आमच्या कानाझावा शहरात एके काळी माझ्यावाचून घराण्यांची चिन्हं उमटत नसत.

माझे मालक तोकुजी ओजिमा. रंगारी काळ्या रेशमी किमोनोवर पाच गोल पांढरे सोडायचा: पाठीवर एक, छातीवर दोन, बाह्यांवर दोन. त्यात त्या त्या घराण्याचं चिन्ह भरायचं काम आमचं. पान असो की पक्षी, सगळं मी गोल फिरूनच काढायचो. "ओजिमांची रेघ म्हणजे रेघ!" असं लोक म्हणत आणि मी आपला फुगून बसे. मग लोक लग्नाला चक्क भाड्याचे किमोनो घालू लागले. भाड्याचे! पाठीवर भलत्याचंच चिन्ह! मालकांनी त्याचा धसकाच घेतला. ते वारले आणि मी डांबरगोळ्यांच्या वासात खणात पडून राहिलो.

एके दिवशी खण उघडला. मालकांची लेक मित्सुयो! नोकरी सोडून तिनं दारावर पाटी लावली होती: 'घराण्याचं चिन्ह रंगवून मिळेल. नसेल तर नवं काढून मिळेल.' नवं? चिन्ह म्हणजे काय भाजी आहे, आज ही आणि उद्या ती? पहिलं गिऱ्हाईक होतं खानावळवाला. त्याला चिन्हात कोळंबी हवी होती. माझी तर दातखीळच बसली. पण कोळंबी काढली.

मित्सुयोचा नवरा योशिहारु दारात उभा राहून हसला. "अगं, कोळंब्या रंगवून कुणाचं पोट भरलंय? बाबा असते तर दारात उभं केलं नसतं तुला."

"काळ्या रेशमाचं काम येऊ द्या, मग बोला."

"बिघडलं तर पाटी मी स्वतः उतरवणार हं!"

"उतरवा खुशाल."

आणि काम आलं. शिमेकोबाई हामागुचींच्या थोरल्या लेकीचं लग्न रविवारी होतं. आईनं घालायचा काळा किमोनो त्यांनी आणला आणि नमुना म्हणून मिठाईचा लाकडी साचा पुढे ठेवला. त्यात उडता हंस कोरलेला, मान उजवीकडे.

"आजेसासऱ्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "अगदी असाच हवा. पीससुद्धा इकडचं तिकडे नको बाई."

नाही झालं इकडचं तिकडे! पाचही हंस असे उतरले की योशिहारु नुसताच डोकं खाजवत राहिला.

शुक्रवारी सकाळी मित्सुयोला आनंद मावेना. "साचा रिकामा कसा परत करू?" म्हणत तिनं तांदळाचं पीठ आणि साखर त्यात दाबून भरली, साचा पालथा केला, ठोकला. मिठाईचा हंस ताटलीत पडला.

तो डावीकडे बघत होता.

अरे देवा! साचा उलटा कोरतात हे शेंबड्या पोराला कळतं, आणि आम्हाला दोघांना कळलं नाही? उजवीकडे बघणारा हंस गावातल्या दुसऱ्याच घराण्याचा! मित्सुयोनं किमोनो ओढून पाचही हंस पुन्हा पाहिले; सगळे उजवीकडे. मी गारच पडलो.

"कुणाच्या लक्षात येणार आहे?" योशिहारु दबक्या आवाजात म्हणाला. "पक्षी तो! बघेल कधी इकडे, कधी तिकडे."

"अहो, माझ्या लक्षात आलंय ना!"

शिमेकोबाई आल्या. मित्सुयोनं जमिनीला कपाळ टेकलं आणि सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"लेकीच्या लग्नात मी परक्याचं चिन्ह मिरवू?"

"चुकलं माझं. जुना रंग पुसून पुन्हा काढते. पण पुसायलाच महिना जाईल."

"रविवार परवावर आलाय गं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किमोनो तिथंच टाकून त्या निघून गेल्या. योशिहारुनं मुकाट्यानं स्टूल आणलं आणि पाटी उतरवून भिंतीशी टेकवून ठेवली.

सोमवारी दार वाजलं. शिमेकोबाई! आता त्या किमोनो घेऊन जाणार, दुसऱ्या कारागिराकडे देणार. मी मनाची तयारी केली.

"भाड्याचा घालून गेले," त्या म्हणाल्या. "व्याही विचारत होते, हे चिन्ह कुणाचं? म्हटलं, दुकानाचं!" आणि त्यांना हसू फुटलं, रडल्यासारखं. "खूप राग आला होता तुझा. पण रात्रभर एकच विचार. तू सांगितलं नसतंस तर परकं चिन्ह पाठीवर घेऊन मी जन्मभर ताठ मानेनं हिंडले असते." त्यांनी किमोनो मित्सुयोकडे सरकवला. "धाकटीचं जमतंय. तू काढ. घाई नको."

मी थक्कच झालो, मित्रांनो. मालकांच्या काळात आमची रेघ चुकत नसे, म्हणून लोक येत. ही बाई चूक बघून परत आली होती.

तुमच्याही घरी जुन्या वस्तू असतील. त्या जपा, पुसा, हातात घ्या, नीट न्याहाळा. आणि काही बिघडलंच तुमच्या हातून, तर ज्याचं आहे त्याला जाऊन सांगा. पाय लटपटतील. माझे तर दोनच आहेत, तरी लटपटले.

बाहेर योशिहारु पाटी लावायला स्टुलावर चढून पुन्हा खिळा ठोकत होता. "सरळ आहे का गं?" त्यानं विचारलं.

"डावीकडे घ्या थोडी," मित्सुयो म्हणाली.