त्या एका सत्राचं पाणी

मित्रांनो, मी अजून चालतो. दांडा दाबलात तर तिसऱ्या दाबाला पाणी येईल, गार आणि काचेसारखं स्वच्छ. टांझानियात मेरू डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा आहे, तिच्या अंगणातला मी जुना हातपंप. माझ्या वयाचे बहुतेक पंप गंजून कधीच बंद पडले. मी मात्र एक दिवसही बंद पडलो नाही, आणि याचीच मला लाज वाटते.

मी इथे केळ्यांच्या घडांशेजारी ट्रकमध्ये आडवा पडून आलो. त्याआधी इथली मुलं दप्तराबरोबर पाण्याचा डबा घेऊन शाळेत येत. ओढा तासभर लांब, आणि त्यात गुरं उभी असायची. दर पावसाळ्यानंतर वर्गातली काही मुलं पोट धरून घरी बसत. एखादं परत येतच नसे. मुख्याध्यापक म्बिसे सरांनी माझ्यासाठी सात वर्षं कचेरीत खेटे घातले होते.

साठ मीटर खोल गेल्यावर पाणी लागलं. पहिल्या धारेखाली सरांनी टोपी काढून डोकंच धरलं. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीने ओंजळभर पिऊन पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, आता मला मरायची घाई नाही!" सगळे हसले. त्या वर्षी एकही मूल पोटाच्या दुखण्याने दगावलं नाही. मुली वेळेवर वर्गात बसू लागल्या. गावातल्या बायकाही घरचं पाणी माझ्याकडूनच नेत. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सर आधी माझ्याकडे आणत आणि दांडा दाबून दाखवत. मी किती फुगलो होतो, काय सांगू! आपल्यामुळे ही शाळा जगली असं मला खरोखर वाटत होतं.

मी आलो तेव्हा पल्लांग्यो गवंड्याची मुलगी एलिनामी दोन वर्षांची होती. तिची आई तिला पाठीला बांधून पाण्याला यायची. तिचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते खडूसारखे पांढुरके. मग त्यांवर तपकिरी पट्टे उमटले. तिच्या वयाच्या सगळ्याच मुलांचं तसं झालं. मोठी माणसं त्यांना रागवत. "दात घासत नाहीस, आळशी कुठली!" एलिनामी रोज कोळशाच्या पुडीने दात घासायची आणि चूळ भरायला माझ्याकडे यायची.

माझ्या इथल्या दहाव्या वर्षी समुद्राकाठच्या टांगा शहरातून म्वानाइदी बाई बदलून आल्या. पहिल्याच आठवड्यात त्या सरांना माझ्यासमोरच म्हणाल्या, "सर, सगळी मुलं एकाच वेळी आळशी कशी होतील? पाणी तपासून घेऊ या."

"बाई, या पंपाने इथली मुलं वाचवली आहेत."

"मी कुठे नाही म्हणते? बाटली भरून पाठवायला काय हरकत आहे?"

बाटली सरकारी तपासणीला गेली. दीड महिन्याने एक माणूस सायकलवरून पत्र घेऊन आला, तेव्हा सर माझ्याकडेच हात धूत होते. ओल्या हातांनी त्यांनी पाकीट फोडलं. पत्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं, चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि बराच वेळ माझ्या दांड्यावर हात टेकून उभे राहिले. पत्रात काय आहे ते मला कळलं नाही.

आठवड्याने बाईंनी विचारलं, "सर, पत्र आलं का?"

"नाही अजून," सर म्हणाले. "सरकारी काम आहे, वेळ लागायचाच."

त्यानंतर सर रोज मधल्या सुट्टीत येऊन मुलांबरोबर माझंच पाणी पीत. पूर्वी ते एवढं पाणी पीत नसत. असं एक अख्खं सत्र गेलं.

सत्राच्या शेवटी तालुक्याला गाण्याची स्पर्धा होती. तिथे काय झालं ते मला नंतर मुलांच्या बोलण्यातून कळलं. आमच्या शाळेत एलिनामीच्या तोडीचा गळा नव्हता, म्हणून पुढे तीच उभी राहिली. वरच्या गावातल्या मुलांना डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मिळतं, त्यांचे दात पांढरेशुभ्र. एलिनामीने तोंड उघडलं आणि समोरून त्यांच्यातलं कोणीतरी ओरडलं, "अरे, तोंडं बघा खालच्यांची! पत्र्यासारखी गंजलीत!" सगळा मांडव हसला. तिचं गाणं तिथेच थांबलं.

परत आल्या आल्या ती धावत माझ्याकडे आली. चबुतऱ्यावरची वाळू बोटावर घेऊन दात घासू लागली. घासायची, माझ्या पाण्याने चूळ भरायची, पुन्हा घासायची. हिरड्यांतून रक्त आलं तरी थांबेना. मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते मिटता येत नाही. ती दांडा दाबत होती आणि मी तिला तेच पाणी देत होतो.

सर मागून आले. "एलिनामी, पुरे. पुरे गं पोरी."

"सर, मी रोज घासते," ती रडत म्हणाली. "खरंच घासते. शपथ घेऊन सांगते, मी खोटं बोलत नाही."

सरांनी तिचा हात धरला. "माहीत आहे मला. तू नाही खोटं बोलत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पालकांना माझ्याभोवती बोलावलं आणि ते पत्र मोठ्याने वाचलं. जमिनीच्या पोटातल्या दगडांमुळे या पाण्यात फ्लोराइड फार आहे, असं त्यात होतं. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. लहान मुलांचे दात बिघडतात, वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडंही. उकळूनही ते जात नाही. आणि आलेले डाग घासून निघत नाहीत.

"पत्र कधी आलं?" म्वानाइदी बाईंनी विचारलं.

"सत्राच्या सुरुवातीला."

मग पल्लांग्यो गवंडी उठला. "म्हणजे एक सत्र तुम्ही गप्प बसलात? माझी पोर एका सत्रात किती पाणी प्यायली असेल, सर?"

"पंप बंद केला तर मुलं पुन्हा ओढ्यावर जातील, पुन्हा मरतील, याची भीती वाटली," सर म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर माझीच लाज आड आली. सगळ्यांना मिरवून दाखवलं होतं मी. मग मीही रोज तेच पाणी प्यायलो."

"तुम्ही प्यायलात, त्याने आमच्या पोरांचं काय भलं झालं?"

गवंड्याने घण आणला. "याचं डोकंच फोडतो!" मी मनातून हो म्हणालो. पण म्वानाइदी बाई मध्ये उभ्या राहिल्या. "अहो दादा, हात कशाने धुवायचे? संडास कशाने धुवायचे? रोगराई परत आणायची आहे का? प्यायचं तेवढं दुसरीकडून आणू." त्याने घण खाली ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

सर एकटे चालत वरच्या गावात गेले आणि मान खाली घालून झऱ्याचं पाणी मागून आले. चार महिने गाढवांच्या पाठीवर ते येत राहिलं. तोवर गवंड्याने शाळेच्या पत्र्याखाली पन्हळी लावल्या आणि सगळ्या पालकांना हाताशी घेऊन सिमेंटच्या दोन मोठ्या टाक्या बांधल्या. मार्च ते मेच्या पावसात त्या काठोकाठ भरल्या. आता मुलं तिथलंच पाणी पितात. लहान वर्गात नवे दात येताहेत ते स्वच्छ आहेत. एलिनामीचे आहेत तसेच आहेत.

मला लाल रंग द्यायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "मी देते." तिने मला वरपासून खालपर्यंत रंगवलं आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'हे पाणी पिऊ नका.' मग ब्रश हातात धरून तिने मागे पाहिलं. "सर, ते पत्र कोणत्या तारखेला आलं होतं?"

सरांनी तारीख सांगितली, आणि तिने ती अक्षरांखाली ठळक लिहिली.

उन्हापावसाने रंग उडतो. सर आता निवृत्त झाले आहेत, तरी दर जानेवारीत शाळा उघडण्याआधी ते डबा आणि ब्रश घेऊन येतात आणि आधी ती तारीख रंगवतात, मग बाकीची अक्षरं.

मित्रांनो, तुमच्या अंगणात नवं पाणी येईल तेव्हा खुशाल नाचा, पण प्यायच्या आधी ते तपासून घ्या. आणि पत्र आलं, तर ते त्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचा. मला वाचता येत नव्हतं. ज्यांना येतं, त्यांनी तरी गप्प राहू नये.