राहू द्या, आमच्याकडून

फख्रींनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं. नुकताच झातरचा मसाला कुटून आल्यामुळे पडद्यावर हिरवट ठसा उमटला.

“जुमाना, ही ओळ कसली?”

“कार्डाचा खर्च, बाबा. कार्डाने पैसे आले की कार्ड कंपनी मधल्यामध्ये आपला वाटा कापून घेते. इतके दिवस तो आपल्या खिशातून जात होता. आता गिऱ्हाईक देईल.”

“आणि देतंय?”

जुमानाने बाहीने पडद्यावरचा ठसा पुसला.

जॉर्डनमधल्या सल्तच्या जुन्या बाजारातलं दुकान फख्रींनी गुडघे थकल्यावर बंद केलं होतं. जुमानाने अम्मानमधली हिशेबनिसाची नोकरी सोडली आणि तोच माल, म्हणजे झातर, सुमाकची आंबट पूड, उन्हात वाळवलेल्या दह्याचे गोळे, घरातून ऑनलाइन विकायला सुरुवात केली. ऑर्डरी वाढल्या, पण हातात काही उरेना. दह्याच्या गोळ्यांवर सुटायचं तेवढं कार्ड कंपनीच खायची. अम्मानच्या कचेरीने तिची जागा अजून भरली नव्हती, पण महिनाअखेरपर्यंत काय ते सांग, असा निरोप आला होता.

“टोपली भरतात,” ती शेवटी म्हणाली, “या ओळीपाशी येतात आणि निघून जातात.”

“जाणारच. तू आधी नको म्हणालीस का?”

“काय नको?”

“दुकानात गिऱ्हाइकाने पाकीट काढलं की मी काय म्हणायचो?”

“राहू द्या, आमच्याकडून.”

“मग तो?”

“तो म्हणायचा, अल्लाहशपथ, असं चालणार नाही. मग तुम्ही पुन्हा राहू द्या म्हणायचा, तो पुन्हा शपथ घालायचा, आणि मागे माणसं खोळंबायची.” जुमानाला हसू आलं. “आणि शेवटी तो पैसे द्यायचाच. कुणी खरंच राहू दिलं का हो कधी?”

“चाळीस वर्षांत एकानेही नाही. पोरी, मागितलं की माणूस हिशेब करायला बसतो. नको म्हटलं की त्याचा हात आपोआप खिशात जातो.”

तिने ते हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी ती ओळ काढली आणि तिथे लिहिलं, ‘कार्डाचा खर्च राहू द्या, आमच्याकडून.’ खाली दोन बटणं ठेवली. एकावर ‘नाही नाही, मीच देणार’, दुसऱ्यावर नुसतं ‘बरं’.

“हे ‘बरं’ कशाला?” फख्रींनी विचारलं.

“ते नसलं तर आपलं ‘राहू द्या’ खोटं ठरेल ना.”

फख्रींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी पुऱ्या होऊ लागल्या. फख्री रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन पडद्यासमोर बसायला लागले, पूर्वी दुकानाच्या उंबऱ्याजवळ बसायचे तसे.

“हा बघ, करकचा वकील! वकील असून वाद न घालता दिले. आणि ही झर्काची मास्तरीण. शाबास! हा कोण? दुबईहून? वा, परदेशात जाऊनही पोरगा बिघडला नाही.”

मग एक दिवस ते थबकले. मादबाच्या उम्म रकान नावाच्या बाईंनी ‘बरं’ दाबलं होतं.

“चुकून दाबलं असेल,” जुमाना म्हणाली.

पुढच्या आठवड्यात उम्म रकानची पुन्हा ऑर्डर आली. पुन्हा ‘बरं’. त्यानंतरही तेच. आता फख्रींना इतर कुणात रस उरला नाही. ही बाई कोण, नडलेली आहे का, की गावातली रीतच तिला ठाऊक नाही, असे नाना तर्क ते कॉफीबरोबर लढवत राहिले.

जुमानाला मात्र धास्ती वाटू लागली. “आज ही एक आहे. ही बहिणीला सांगेल, बहीण शेजारणीला. सगळ्यांनी ‘बरं’ म्हटलं की मी परत कचेरीत. ते बटण काढून टाकते.”

“काढ. पण आधी कळू तरी दे, ती का घेते.”

आणि त्यांनी स्वतःच नंबर फिरवला. फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला.

“उम्म रकान, मी सल्तचा फख्री, झातरवाला. माल कसा निघाला?”

“अल्लाह तुमचे हात सलामत ठेवो, हाजी! अगदी माझ्या आईच्या हातचा.”

मग तब्येतीची चौकशी झाली. मुलांची झाली. यंदाच्या ऑलिव्हची झाली. जुमानाने वडिलांना कोपराने ढोसलं. फख्री खोकले आणि मादबात पाणी किती दिवसांनी येतं ते विचारू लागले.

“हाजी,” पलीकडून आवाज आला, “त्या बटणाचं विचारायचंय ना तुम्हाला?”

“छे छे, बहिणी! तसं काही...”

“मला वाटलंच होतं, एक दिवस फोन येणार. हाजी, जन्मभर हेच ऐकत आले. कापडवाला म्हणतो राहू द्या, टॅक्सीवाला म्हणतो राहू द्या. दातांचा डॉक्टरसुद्धा म्हणाला, दाढ उपटून झाल्यावर! तोंडात कापसाचा बोळा, तरी मी आपली ‘नाही नाही’ करतेय. एकदा बघायचं होतं, खरंच घेतलं तर काय होतं. समोरासमोर धीर होत नव्हता. तुमच्या बटणापाशी मला कुणी बघत नव्हतं.”

“मग? काय झालं?”

“काहीच नाही. डबा आला. आधी चोरी केल्यासारखं वाटलं. मग वाटलं, एक तरी दुकान बोललं तसं वागलं. आमच्या गल्लीत झातर स्वस्त मिळतो, हाजी, तरी मी तुमच्याकडूनच मागवते.” ती थोडी थांबली. “तुमच्या मनात असेल तर आजवरचे सगळे पैसे पाठवते.”

“राहू द्या, बहिणी,” फख्री म्हणाले, आणि सवयीने पुढच्या शपथेची वाट पाहू लागले.

“बरं,” उम्म रकान म्हणाली.

जुमानाने फोन बंद केला.

“बाबा, दुकानात तुम्ही म्हणायचा, ते मनापासून असायचं?”

फख्रींनी रिकामा पेला हातात फिरवला. “कुणी घेतलं असतं तर मलाही कळलं असतं.” मग उठता उठता म्हणाले, “उद्या दुपारपर्यंत बटण काढू नकोस.”

सकाळी ते शुकरी न्हाव्याकडे गेले. हजामत झाली. शुकरीने टॉवेल झटकला, “नईमन, हाजी,” अशी हजामतीनंतरची शुभेच्छा दिली आणि कात्री पुसायला घेतली. फख्रींनी पाकीट काढलं.

“राहू द्या हाजी, आमच्याकडून.”

“बरं,” फख्री म्हणाले आणि पाकीट पुन्हा खिशात घातलं.

शुकरीची कात्री हवेतच राहिली. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाने पेपर खाली घेतला. फख्रींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दाराकडे निघावं की उभं राहावं ते त्यांना कळेना.

शुकरीने कात्री ठेवली, पुन्हा उचलली.

“बसा,” तो म्हणाला.

“का?”

“कानांवरचे केस राहिलेत.”

घरी पोचायला त्यांना बराच उशीर झाला. जुमाना बटणाचं पान उघडून बसली होती.

“चिडला का हो?”

“आधी चिडला असेल. मग कान झाले, मान झाली, भुवया झाल्या. अत्तर लावलं. मी उठतो म्हणालो तर खांदा दाबून बसवलं. नवऱ्या मुलाची करतात तशी हजामत केली बघ माझी.” त्यांनी गालावरून हात फिरवला. “का, ते मी विचारलं नाही.”

जुमाना जवळ वाकली. मोगऱ्याचा वास येत होता.

“हिशेब तुझा,” ते म्हणाले. “बटणही तुझं.”

तिने पान मिटलं. बटण काढलं नव्हतं. मग फोन उचलून ती खिडकीपाशी गेली आणि अम्मानच्या कचेरीतल्या बाईंना म्हणाली, की माझी जागा आता दुसऱ्या कुणाला दिलीत तरी चालेल. हो, विचार करूनच सांगतेय.

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. इर्बिदची कुणी नवी बाई टोपली भरत होती. दोघांनी एकदमच खुर्च्या पुढे ओढल्या आणि डोक्याला डोकं लावून, श्वास रोखून, ती काय दाबते ते पाहू लागले.