थांबलेल्या पाण्यातले तुर्मुस

माझ्या मुलीला तिच्या घरच्यांनी मारलं असं तुम्ही कागदावर लिहिलंत. शब्द जरा गुळगुळीत आहेत, "कुटुंबाच्या अज्ञानामुळे अपायकारक अन्न पोटात जाऊन" असे. खाली तुमचा गोल शिक्का. त्याच्या शेजारी माझ्या आत्याचा अंगठा, तोही तुम्हीच धरून उठवलेला. कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो अर्धा आहे. उरलेला अर्धा मी लिहितो, आणि त्यात मी स्वतःलाही सोडणार नाही.

दहबा सहा वर्षांची होती. धरणासाठी तुम्ही आम्हाला नदीकाठच्या अब्बांदीतून उचललंत, आधी बोटीत घातलंत, मग गाडीत, आणि या माळावर आणून उतरवलंत. गावाला नाव तेच दिलंत, पुढे फक्त "नवी" जोडलंत. नवी अब्बांदी. घरं रांगेत, प्रत्येक दारावर आकडा. नदी इथून दिवसभराच्या वाटेवर. नकाशात शाळा होती, मशीद होती, पोलीस चौकी होती, कबरस्तान नव्हतं. ते आम्ही आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी आखावं लागलं, कारण दोन म्हातारी माणसं आणि एक तान्हं मूल थांबायला तयार नव्हतं.

पहिल्या आठवड्यापासून दहबाने जेवण टाकलं. रेशनात येत होता पांढरा पाव, मसूर आणि डब्यातलं चीज. आमच्या घरी ज्वारीचं पीठ आंबवून दगडी तव्यावर पातळ भाकरी होते, कागदासारखी. ज्वारी इथे नव्हती. तवा गाडीत फुटला. दहबा पावाचा घास गालात धरून बसायची आणि आईची पाठ वळली की भिंतीच्या कडेला थुंकायची. हाजिरा, माझी बायको, रोज सकाळी ते घास झाडून काढायची आणि मला दाखवायची नाही. मी पाहत होतो.

वीस वर्षं मी कैरोत एका साहेबाच्या घरी स्वयंपाकी होतो. मी पोरीला कॅरॅमल पुडिंग करून दिलं, दूध-अंडी शेजारच्या वस्तीतून आणून. तिने ताटली जरा हलवून बघितली आणि म्हणाली, "बाबा, हे थरथरतंय. याला ताप आलाय का?" त्या दिवसांत रांगेतल्या प्रत्येक घरात कुणीतरी तापाने थरथरत होतं. शलबिया आत्या दारात बसली होती. माझ्या बापाची थोरली बहीण, दात चार, जीभ दहा माणसांची. ती म्हणाली, "वा रे आचारी. साहेबाच्या कुत्र्याला सुद्धा भरवलं असशील, आणि स्वतःच्या पोरीला एक घास जाईना तुझ्या हातचा."

मग दहबाने तुर्मुस मागितले.

तुर्मुस तुम्हालाही ठाऊक आहेत. संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्यावर फिरताना कागदाच्या पुडीतून घेऊन तुम्हीही ते खाता. चपटा पिवळा दाणा, मीठ लावायचं, चिमटीत दाबून सालीतून तोंडात उडवायचा. पण तुम्हाला तो तयार मिळतो. कच्चा दाणा विषारी असतो. आधी उकडतात, मग खजुराच्या झावळीच्या टोपलीत भरून, दगड बांधून नदीत सोडतात. तीन रात्री. आमच्या गावात तुर्मुस आपण धूत नाही, नदी धुते. टोपली सोडली की माणूस घरी जातो. तिथे बसून कुणी राखण करत नाही, कारण नदीला कोण सांगणार वाहत राहा म्हणून. चौथ्या दिवशी ठरलेली बाई एक दाणा चावून बघते आणि ती "झाले" म्हणाली की झाले. अब्बांदीत ती बाई आत्या होती. चाळीस वर्षं तिच्या जिभेवर गाव जेवलं.

शेवटच्या पिकाचं अर्धं पोतं तिने बोटीत स्वतःच्या मांडीखाली ठेवून आणलं होतं. पण द्यायला ती तयार नव्हती. नदी नाही तर तुर्मुस नाही, असं तिने दोनदा सांगितलं. घरात पाणी बदलत भिजवावेत म्हटलं तर चार घरांत मिळून एक नळ, आणि तो दिवसाला तासभर. पिण्याचंच पुरत नव्हतं.

मग तुमचा कालवा सुरू झाला. आमच्या रांगेच्या मागून सिमेंटचा पाट काढला होता, त्यात एका सकाळी पाणी आलं. बाया भांड्यांत लापशी घेऊन धावल्या. नदीच्या तळाशी माणसं राहतात असं आम्ही मानतो, त्या पाण्यातल्या माणसांना पहिला घास द्यायची रीत आहे. आत्याने कोपरापर्यंत हात घातला, बराच वेळ ठेवला आणि काढला. "पाणी आहे," ती म्हणाली. "नदी नाही." बाया हसल्या. मीही हसलो.

मी पाटकऱ्याकडे गेलो. बयूमी नाव त्याचं, उत्तरेकडचा, टोपीखाली कायम विडी खोचलेली. पाणी किती दिवस राहील ते मी विचारलं. त्याने वही उघडून सांगितलं, गुरुवार ते रविवार आपली पाळी. मी पुन्हा विचारलं. त्याने वहीवर बोट ठेवलं. मी ते वाचलं. तुमच्याच कार्यालयाची छापील वही होती.

आत्याला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या शब्दावर सोडते हं मी." गुरुवारी दुपारी तिने दाणे उकडून टोपली पाटात सोडली. पाणी तेव्हा वाहत होतं. टोपली ओढली जात होती, दोरी ताणलेली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

शुक्रवारी नमाजाला जाताना मी पाटावरून गेलो. टोपलीशेजारी संत्र्याची साल तरंगत होती. शनिवारी रेशनच्या रांगेत उभा राहायला गेलो तेव्हा साल तिथेच होती. तीच साल. पाट काठोकाठ भरलेला, आभाळ त्यात स्वच्छ दिसत होतं. अब्बांदीच्या नदीत आभाळ कधी दिसलं नाही, ती सदा घाईत. मी ते पाहिलं आणि मला त्याचा अर्थ लागला नाही. पाणी गरम असतं, गार असतं, पुराचं असतं, उतरलेलं असतं. पाणी थांबतं, हे आमच्या पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं.

आता गोळ्यांचं सांगतो. तापाची साथ म्हणून तुमचा कंपाउंडर रोज सकाळी रांगेतून फिरायचा. प्रत्येकाला एक पांढरी गोळी, त्याच्यासमोर गिळायची, जीभ बाहेर काढून दाखवायची. गोळ्यांना माझी तक्रार नाही, ताप खरा होता. पण सात आठवडे त्या गोळ्या खाऊन आमच्या तोंडाला एकच चव उरली होती. साखर घातलेला चहा कडू लागे, खजूर कडू लागे. नवरा-बायको भांडले तरी लोक म्हणत, जाऊ द्या, गोळीचा कडूपणा आहे. तो रांगेतला विनोदच झाला होता.

रविवारी सकाळी गोळी घेऊन झाल्यावर आत्याने टोपली ओढून काढली, एक दाणा तोंडात टाकला. चावला. थुंकली.

"कडू आहे अजून," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "की माझीच जीभ कडू झालीय रे? तू बघ."

लोणी कालचं की आजचं, हे मी वासावरून सांगत असे. साहेबाचे पाहुणे पैज लावायचे माझ्या जिभेवर. मी दाणा चावला. कडू होता. पण तासाभरापूर्वीचा चहाही असाच कडू होता. समोर दहबा उंबऱ्यावर बसली होती, मुठीत मीठ घेऊन. मनगट एवढंसं झालं होतं. त्यावरची मण्यांची माळ कोपरापर्यंत सरकत होती.

"गोळीचं आहे ते, आत्या," मी म्हणालो. "सगळंच कडू लागतंय."

"आणखी एक रात्र राहू दे."

"पोर आणखी एक रात्र राहील का, ते आधी सांग मला."

टोपली मी उचलली. हे तुमच्या कागदात नाही. तिथे अंगठा आत्याचा आहे.

दहबाने खाल्ले. दोन वाट्या. साली अंगणात उडवत होती, आईच्या अंगावर उडवत होती. हाजिराने तिला विचारलं, कडू नाही ना लागत? ती म्हणाली, "कडू आहे. पण घरचं आहे." आम्हीही मूठ-मूठ खाल्ले. तीन महिन्यांत पहिल्यांदा घरात सगळे एकदम जेवले.

दुपारी ती म्हणाली, बाहेर फार ऊन आहे, दार लावा. दार लावलेलंच होतं. हाजिराने तिचं तोंड वर केलं आणि मला हाक मारली. डोळ्यांत तपकिरी काही उरलं नव्हतं, नुसतं काळं. जीभ कोरडी, लाकडासारखी. पाणी मागे, पाणी ओठांवरून ओघळे. मग ती हवेतून काहीतरी वेचायला लागली, चिमटीने, एकेक करून. हाजिराने विचारलं काय करतेस, तर म्हणाली नदी आलीय उंबऱ्यापर्यंत, मासे आलेत. मला आणि आत्यालाही डोळ्यांपुढे धुकं आलं, पाय अडखळले. आम्ही मोठी माणसं, थोडंच खाल्लेलं. आमचं उतरलं.

मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मंगळवारी येतो, असं कंपाउंडरने सांगितलं. ताप बघितला, ताप होता. त्याने तिला आणखी एक पांढरी गोळी दिली. दुसरं त्याच्याकडे काहीच नव्हतं. सोमवारी उन्हं वर आली तेव्हा ती गेली.

दफन करून मी थेट पाटावर गेलो. गवताची मूठ तोडून पाण्यात टाकली. गवत जिथे पडलं तिथेच राहिलं. मी दुपारपर्यंत बसलो. मग बयूमीकडे गेलो.

त्याने काही लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने लिहितो. वरच्या बाजूच्या उसाच्या मळ्यांना पाणी हवं होतं. गुरुवारी संध्याकाळीच फोन आला, पाटाचं दार खाली पाडा, पाणी अडवा. त्याने दोन्हीकडची दारं पाडली. मधलं पाणी मधेच राहिलं. मी विचारलं, मला येऊन का नाही सांगितलंस?

"काय सांगायचं?" तो म्हणाला. "पाटात पाणी होतंच की काका. भरलेला पाट होता." मग जरा हळू, "लोक माझ्याकडे पाणी मागायला येतात. वाहतं पाणी कुणी मागत नाही. मला काय ठाऊक."

आठवड्याने तुमचे दोघे आले. एक लिहिणारा, एक विचारणारा. किती वेळ भिजवले, असं त्यांनी आत्याला विचारलं. तीन रात्री, आत्या म्हणाली, कायम तीन रात्रीच. लिहिणाऱ्याने "अपुरे" असं लिहिलं. चाखलं कुणी? मी, ती म्हणाली. मी मधे पडलो, टोपली मी उचलली म्हणालो, पाण्याचं सांगितलं, दाराचं सांगितलं, फोनचं सांगितलं. विचारणारा म्हणाला की पाट हा त्यांचा विषय नाही, पाटाचं खातं निराळं. अंगठ्यासाठी आत्याने स्वतःहून हात पुढे केला, धरून उठवला तो तुमच्या माणसाने. त्यानंतर ती कुणाच्या घरचं काही चाखत नाही. मीठसुद्धा बघत नाही. हाजिरा तिच्याशी बोलते. माझ्याशी बोलत नाही.

आता जे सांगायचंय ते. येत्या रविवारी ईद आहे. ईदला आमच्यात तुर्मुस लागतातच, आल्यागेल्याच्या ओंजळीत घालायला. माझ्या रांगेत अठरा घरांत पोती आहेत. मी घरोघर गेलो. लोक मला बसवतात, चहा देतात, डोक्यावर परिणाम झालाय म्हणून हलक्या आवाजात बोलतात. दहबा तापाने गेली म्हणतात. रांगेत इतकी मुलं तापानेच गेली, तुझीच कशी तुर्मुसाने जाईल? तुमचा कागद मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा तर ते हसले, सरकार तुर्मुस म्हणतं ना, मग नक्कीच ताप. पाणी थांबतं म्हटलं तर जमील नावाचा शेजारी मला हाताला धरून पाटावर घेऊन गेला. पाणी खळखळत वाहत होतं. "हे बघ," तो म्हणाला. "हे थांबलंय?"

बुधवारी संध्याकाळी ते दाणे उकडतील. गुरुवारी टोपल्या सोडतील, वाहत्या पाण्यात, दोरी ताणलेली बघून घरी जातील. तीन रात्री. चाखणाऱ्या बाया सकाळी आधी कंपाउंडरपुढे जीभ काढतील. ऊस अजून उभा आहे, त्याला पाणी लागणार. बयूमीची वही मी पुन्हा बघून आलो, तिच्यात गुरुवार ते रविवार असंच छापलंय.

आज सोमवार आहे. फोन तुमच्याकडे आहे, दार तुमच्याकडे आहे. दहबाबद्दल काय म्हणायचंय ते नंतर म्हणा. आधी मला एवढंच सांगा, आणि बुधवारच्या आत, सही-शिक्क्यानिशी लिहून द्या: या गुरुवारी दार पाडणार आहात की नाही?