साडेसातच्या मालिकेतला फोटो

रहिमतपूरच्या पलीकडच्या वस्तीवर मंगलइतकी मालिका बघणारी बाई नव्हती, आणि मालिकेला मंगलइतक्या शिव्या देणारीही नव्हती. साडेसात वाजले की भाजी करपो नाहीतर म्हैस दावं तोडो, ही बाई टीव्हीपुढं. बसली की तोंडाचा पट्टा सुरू. मालिकेतल्या सूनबाईनं खरी चिठ्ठी पदराआड धरली त्याला अकरा महिने झाले, अजून ती सासऱ्याच्या हातात पडेना. सांगायला तोंड उघडलं की लाईट जाते, नाहीतर दारात कुणीतरी उभं राहतं. मग घरातल्या नऊ माणसांची तोंडं तीन-तीनदा दाखवायची, ढग गडगडल्यागत वाजवायचं, झाला भाग. एखादा नट सोडून गेला तर खाली नुसती पट्टी धावते, आजपासून ही भूमिका अमुक करणार. दुसऱ्या दिवशी भलताच माणूस आत येतो आणि आई त्याला म्हणते, हात धू बाळा, पान वाढलंय. समद्यांचं डोळं फुटल्यात काय, असं मंगल टीव्हीलाच विचारायची. शेजारची रंगुबाई म्हणायची, एवढी चिडतीस तर बघतीस कशाला? त्यावर मंगल टीव्हीचा आवाज वाढवायची.

अशा बाईच्या दारात दिवाळीनंतर त्याच मालिकेची गाडी येऊन उभी राहिली. वाईच्या घाटावर गर्दी फार, म्हणून त्यांना मळ्यातलं घर पाहिजे होतं. दिग्दर्शक सौमित्र पुण्याचा, चष्मेवाला, गोड बोलणारा. त्याला भिंतीवर एका फौजीचा फोटो हवा होता. गोष्टीत सूनबाईचा मोठा दीर सीमेवर असतो, तो फक्त फोटोतच दिसायचा होता. मंगलचा नवरा कृष्णात सैन्यात सुभेदार, तिकडं लडाखला, माघाच्या शेवटाला पेन्शनीवर घरी यायचा होता. त्याचा टोपी घातलेला फोटो मंगलनं स्वतःच्या हातानं खिळ्यावरून काढला, पदरानं पुसला आणि दिला. आपला नवरा साऱ्या महाराष्ट्राला दिसणार, याची तिला घमेंड आली होती, खोटं कशाला सांगा.

मार्गशीर्षात ती माहेरी विट्याला गेली, भाचीच्या साखरपुड्याला. साडेसातला तिथला टीव्ही लावला, तर पडद्यावर रडारड चाललेली. दीर गेला होता. कृष्णातच्या फोटोला चंदनाचा हार घातलेला, पुढं समई. नऊ तोंडं तीन-तीनदा, आणि दर खेपेला मधे तिच्या नवऱ्याचं तोंड. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साखरपुड्याचं जेवण मंगलनं तसंच पानात टाकलं.

कृष्णातचा फोन दर रविवारी सकाळी दहाला यायचा. त्या रविवारी आला नाही. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पलटणीतून कळलं, वर बर्फ पडलाय, रेंज नाही. कॉलेजात शिकणारी लेक क्रांती म्हणाली, आई, दरसाल असंच होतंय की. मंगलला ते पटेना. रोज साडेसातला तो हार दिसायचा, आणि रोज तिला वाटायचं, आपणच आपल्या हातानं कपाळ पुसून घेतलं.

पुढच्या खेपेला शूटिंगची माणसं आली तशी ती सौमित्रपुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याला उभा-आडवा झापला. तो बिचारा हात जोडायला लागला. चूक झाली काकू, म्हणाला, हार आजच काढतो, फोटोही परत घ्या, तो विषयच आम्ही सोडून देतो, प्रेक्षक आठ दिवसांत विसरतात.

इथं फोटो घेऊन गप घरात गेली असती तर काही झालं नसतं. पण बाई जातीची प्रेक्षक. असं अर्ध्यावर सोडलेलं काही तिला खपायचं नाही.

"इसरत्यात म्हणूनच तुमचं फावतंय," ती म्हणाली. "मेलेला माणूस असा गुपचूप पुसायचा न्हाई. टीव्हीवर मारलासा, आता टीव्हीवरच जित्ता करून घरी आणा. समद्यांच्या देखत."

सौमित्रला हायसं वाटलं. मेलेला परत आणणं हे तर त्यांचं रोजचंच काम. मढं कुठं दाखवलंय अजून, असं तो म्हणाला. फक्त एक अडचण होती, फोटोतला माणूस काही काम करायला येणार नाही, तेव्हा नट दुसरा घ्यावा लागेल, चेहरा बदलेल.

"तोंड कसलं का असंना," मंगल म्हणाली. "माणूस घरी येऊ दे."

माघात तो भाग लागला. दीर दारात उभा, रुंद जबडा, घारे डोळे, हनुवटीला खळी. स्फोटात चेहरा गेला, डॉक्टरांनी नवा दिला, आणि म्हाताऱ्या आईनं एका क्षणात ओळखला. खाली पट्टी धावली. मंगल हसली, हसता हसता रडली. तेवढ्यात फोन वाजला. कृष्णात होता. आवाज खरखरत होता, पण त्याचाच. बर्फात अडकलो होतो, सुटलो आता, शनिवारी घरी येतो. मंगलनं चप्पल न घालता जाऊन भैरोबाला नारळ फोडला.

शनिवारी दुपारी साताऱ्याहून जीप आली. क्रांती "पप्पा" म्हणत धावली. मंगल भाकरतुकडा ओवाळायला घेऊन उंबऱ्यात उभी होती. ट्रंक घेऊन जो उतरला त्याचा जबडा रुंद होता, डोळे घारे होते, हनुवटीला खळी होती.

तिचा हात वरच्या वर राहिला. रंगुबाईनं तिच्या हातातला तुकडा घेतला, त्या माणसावरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि कौतुकानं म्हणाली, "आगं, टीव्हीवाल्यांनी नट कसा हुडकला बघ. डिट्टो आमचं कृष्णात भावजी."

मंगल आत पळाली. परत आलेला फोटो भिंतीवर होता. टोपी तीच, चौकट तीच, आत घारे डोळे. तिनं क्रांतीचा मोबाईल हिसकावला. लेकीच्या बारशाचा फोटो, जेजुरीचा, गेल्या सुट्टीतला विहिरीवरचा, सगळीकडं तोच. पोरीला विचारलं तर पोर घाबरली. आई, बरं वाटंना का तुला, म्हणाली.

माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. त्याला म्हशीचं नाव ठाऊक, विहीर किती परस खोल ते ठाऊक, मंगल रुसली की काय बोलायचं तेही ठाऊक. चार दिवस ती लेकीजवळ झोपली. पाचव्या दिवशी दुपारी तो उसाच्या बांधावर एकटा बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"खरं सांगा, तुमी कोण?"

आणि तिनं वाट बघितली. आता कुणीतरी हाक मारील, फोन वाजेल, ट्रॅक्टर येईल. काही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, ह्याचं बोलणं मधेच तुटावं.

"तूच बोलावलंस की," तो शांतपणे म्हणाला. "तोंड कसलं का असंना, म्हणालीस."

"मग आमचं मालक कुठं हायत?"

त्यानं वर बघितलं. त्या नजरेत लबाडी असती तर तिनं त्याला दगड घातला असता.

"कोण मालक?" त्यानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मंगल घरी आली आणि चुलीपुढं बसली. जगात एकच जागा उरली होती जिथं तो माणूस होता, तिचं डोकं. तिथं त्याला घट्ट धरून ठेवायचा तिनं निश्चय केला. डोळे मिटले. टोपी दिसली. गळ्याची गुंडी दिसली. बावीस वर्षांचा संसार, मिशी कशी होती? नाक? तिनं कपाळ बडवून घेतलं. थोडा वेळ नुसतंच कोरं काहीतरी दिसत राहिलं, आणि मग हळूहळू त्याला डोळे आले. घारे.

ती ओक्साबोक्शी रडली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अंगणात पाय धुतल्याचा आवाज झाला.

"मंगल, भाकरी टाकतीस न्हवं?"

"व्हय, टाकते," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आवाज कुणाचा हे तिनं मनात विचारलंसुद्धा नव्हतं. तिनं परातीत पीठ घेतलं.