प्रश्न कागदावर असतो

शुक्रवारी सकाळी दंतवैद्याने माझ्या जबड्यात वरखाली मिळून चार इंजेक्शने दिली. दहाच्या तासाला मी वर्गात उभा राहिलो, तेव्हा नाकापासून हनुवटीपर्यंतचा चेहरा माझा राहिला नव्हता. लाळ आवरेना, म्हणून तोंडावर रुमाल धरला होता. रजा घेणे शक्य नव्हते. सोमवारी खळीची प्रवेशपरीक्षा होती.

खळी हे तिचे खुणेचे नाव. आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत प्रत्येकाला हातांनी घेता येईल असे नाव मिळते. तिचे नाव म्हणजे गालावर टेकवलेले बोट. नेहमीच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात, आमच्या मुलांसाठी एकच जागा होती, आणि वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी ती खळीला मिळणार नव्हती. तीन वर्षे तिचे गणित आणि भाषा माझ्याकडे होती. शिफारसपत्रात मी लिहिले होते, ‘शाब्दिक उदाहरण स्वतः वाचून, अर्थ लावून सोडवते.’ मुख्याध्यापिकाबाई त्या वाक्यावर अडल्या. “तुम्ही समोर असता तेव्हा सोडवते,” त्या म्हणाल्या. मी तासभर युक्तिवाद केला. शेवटी “तुम्ही वकिली सोडून इकडे कसे वळलात, देव जाणे,” असे म्हणून त्यांनी सही केली.

मी खळीपुढे कागद ठेवला. पहिल्या कपाटात चौतीस वह्या आहेत, दुसऱ्या कपाटात त्याहून नऊ कमी आहेत, तर दुसऱ्या कपाटात किती? अशी उदाहरणे ती चुटकीसरशी सोडवी.

तिने चौतीस लिहिले, नऊ लिहिले, मध्ये अधिकचे चिन्ह काढले आणि मान वर केली. मी रुमालाआडून पाहत राहिलो. तिने चिन्ह खोडून वजाबाकीचे काढले आणि पुन्हा मान वर केली. उत्तर एका पावलावर होते. ते न लिहिता तिने तेही खोडले, गुणिले काढले आणि मान वर केली. मग भागिले. कुलपाला एकेक किल्ली लावून पाहावी, तशी ती चारही चिन्हे माझ्यापुढे धरत होती.



वर्ग झाडायला आलेल्या मावशी दारात थबकल्या होत्या. “आज पोरगी अडली का हो, सर?”

“काय झालंय, कळत नाही,” मी बोबडा बोललो.

“कळायचं काय त्यात? तुमचं तोंड झाकलंय. बरोबर असलं की तुमचा ओठ डावीकडे जातो, चूक असलं की आत ओढला जातो. चहा बिघडला तर मलासुद्धा सांगावं लागत नाही. ह्या लेकरांचं तर सगळं ऐकणं डोळ्यांनीच.”

“मावशी, ती वाचते. मी शिकवलंय तिला.”

“वाचतेच की,” त्या केर भरत म्हणाल्या. “तुम्हाला वाचते.”

मला त्यांचे म्हणणे खोडून काढायचे होते. दुपारी बधिरपणा उतरला. रुमाल खिशात घालून मी तोच कागद पुन्हा दिला. तिने अधिकचे चिन्ह काढून मान वर केली, आणि मी मुद्दाम ओठ डावीकडे नेला. क्षणाचाही विलंब न लावता तिने त्रेचाळीस लिहिले आणि हसली. गालावर खळी पडली.

मी खुर्चीत बसलो. “ह्या कागदात काय विचारलंय?” मी खुणांनी विचारले.

ती गोंधळली. मग तिचे हात सावकाश हलले. “कागदावर आकडे असतात. विचारता तुम्ही.”

तीन वर्षे. तिने लबाडी केली नव्हती. प्रश्न असाच असतो, असे तिला प्रामाणिकपणे वाटत होते. आणि ते तिला शिकवणारा मी होतो.

पाच वाजता तिचे वडील आले. ते शिंपी, गळ्यातली टेप काढायला विसरले होते. “सर, गणवेश बेतलाय. शिवणीत दोन बोटं वाढती माया ठेवलीय, वर्षभर पुरेल.”

मी त्यांना सगळे सांगितले, एकही सबब न जोडता. ते भिंतीला टेकले.

“म्हणजे सोमवारी ती नापास होणार?”

“बहुतेक. तिथे मी समोर नसेन.”

“तीन वर्षं तुमच्या लक्षात आलं नाही?”

“नाही.”

त्यांनी गळ्यातली टेप काढून बोटांभोवती गुंडाळली. “मी चुकीचं कापलं तर कापड जातं,” ते म्हणाले. “तिला सांगितलंत?”

“आधी तुम्हाला—”

“परीक्षा माझी आहे का? तिला सांगा.”

मी खळीला सांगितले. ओठ कसा जातो, तेही दाखवले. ती माझ्या तोंडाकडे अशी पाहू लागली, जणू ते तोंड तिने यापूर्वी पाहिलेच नव्हते. मग तिने वडिलांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“आधीची सगळी उत्तरं?” तिने विचारले.

“मला माहीत नाही,” मी खूण केली. तेवढेच खरे होते.

ती उठली. बाक ओढत तिने भिंतीकडे वळवला आणि आमच्याकडे पाठ करून बसली. तिचे बोट पहिल्या शब्दाखाली टेकलेले मला दिसले. ते पुढे सरके, मागे येई, पुन्हा पहिल्या शब्दापाशी जाई. तोवर मी बाईंकडे जाऊन पत्रातले ते वाक्य खोडून आलो. या वेळी मी वाद घातला नाही.

परतलो तेव्हा अर्धा तास उलटला होता. खळीने कागद आणून माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि वर न पाहता ती माघारी गेली.

मी तो उलटला. चौतीस, नऊ, मध्ये भागिलेचे चिन्ह, आणि पुढे तीन. दुसऱ्या कपाटात तीन वह्या.

“बरोबर आहे का?” शिंपी कुजबुजले.

“नाही,” मी म्हणालो. “पण हे तिचं आहे.”

खळीचा हात पाठीमागे आला. तो उघडा होता, पुढचा कागद मागणारा.